‘मोर्चेबांधणी करणे’ : अर्थ, वापर आणि त्यामागचं काम

घाटमाथा

निवडणूक जवळ आली की एक मथळा ठरलेला असतो, ‘इच्छुकांची मोर्चेबांधणी सुरू’. आत बातमी वाचावी तर कुणी मुंबईला जाऊन नेत्याला भेटून आलेला असतो, कुणी वाढदिवसाचे फ्लेक्स लावलेले असतात, कुणी समाजाचा मेळावा घेतलेला असतो. मोर्चा कुठेच नसतो. आणि त्याच अंकात आतल्या पानावर ‘अंगणवाडी सेविकांचा मोर्चा धडकला’ अशी चार ओळींची बातमी असते. त्या बायकांनी आधी महिनाभर गावोगावी काय केलं, कुणाला निरोप दिले, गाडीभाड्याचे पैसे कसे उभे केले, यावर एक शब्द नसतो. म्हणजे खरी बांधणी जिथे झाली तिथे तो शब्द नाही, आणि जिथे फक्त स्वतःच्या तिकिटाची खटपट आहे तिथे तो मथळ्यात!

मला हे मनापासून खटकतं. ‘बांधणे’ हे आपल्या भाषेतलं फार ताकदीचं क्रियापद आहे. आपण घर बांधतो, धरण बांधतो, शिदोरी बांधतो, चंग बांधतो. युनियनसुद्धा ‘बांधली’ म्हणतो, ‘काढली’ म्हटलं तर ती कागदावरची वाटते. मोर्चेबांधणीतलं हे बांधणं आपण हरवून बसलोय का? शब्दाचा मूळ वापर कसा होता, आणि प्रत्यक्ष चळवळीत काम करणारे लोक या तयारीला काय म्हणतात, हे जाणकारांनी सांगावं.

बखर_वाचक

चांगला विषय. मूळ शब्द लढाईतला आहे, फारसीतून आलेला. मोर्चा म्हणजे किल्ल्याला वेढा घातल्यावर तटासमोर उभारलेली आडोशाची जागा. तिथून तोफा चालवायच्या, तिथेच माणसं दबा धरून राहायची. बखरींत आणि पेशवेकालीन पत्रांत ‘किल्ल्यास मोर्चे लाविले’ हे वारंवार येतं. मोर्चा चालत जात नसे. तो एका जागी असे आणि हळूहळू पुढे सरकवला जाई.

वसईचं उदाहरण घ्या. 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वेढा चालवला. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, धड जमीन फक्त उत्तरेकडून. मोर्चे बांधायचे ते तिथल्या वाळूत, समोरून तटावरच्या तोफा सुरू असताना. दिवसा डोकं वर काढणं शक्य नाही, म्हणून खोदकाम बरंचसं अंधारात. तोफांसाठी मातीचे उंचवटे म्हणजे दमदमे उभारायचे, चर खणत तटाकडे सरकायचं आणि शेवटी बुरुजाखाली सुरुंग नेऊन ठासायचे. मे महिन्यात सुरुंग उडाले, बुरुजाला खिंडार पडलं, हल्ला झाला आणि पोर्तुगीज शरण आले. आपण लक्षात ठेवतो तो शेवटचा हल्ला. पण किल्ला पडला तो त्याआधीच्या तीन महिन्यांतल्या कुदळींनी. फौजेबरोबर खोदकाम करणारे बेलदार असत, त्यांची नावं कुठल्या पोवाड्यात आली नाहीत.

तेव्हा ‘मोर्चे बांधणे’ याचा अर्थ अगदी स्वच्छ आहे: समोरचा बळकट आहे, आपण उघड्यावर आहोत, तर हल्ल्याआधी हल्ल्याची जागा तयार करणे.

रोजच्या बोलण्यात ‘जेवण झाल्यावर त्याने आपला मोर्चा आंब्यांकडे वळवला’ म्हणतो ना, ते त्याच तोफांच्या मोर्च्यावरून आलंय.

तिरपी_ओळ

मी वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करते, म्हणून आमची बाजू मांडते. ‘मोर्चेबांधणी’ टाळायचं तर दुसरं काय लिहायचं? लॉबिंग हा शब्द ग्रामीण आवृत्तीत चालत नाही. लोकांच्या तोंडी जे आहे ते ‘फिल्डिंग लावणे’. अर्थ तंतोतंत तोच, पण गंभीर बातमीच्या मथळ्यात तो हलका वाटतो. ‘जोर लावला’, ‘खटपट’, ‘हालचाली’ हे पर्याय आहेत, पण ‘खटपट’मध्ये थोडा आरोप येतो आणि ‘हालचाली’त काहीच येत नाही. मोर्चेबांधणी तटस्थ आहे आणि एका ओळीत बसते.

शिवाय अर्थ बदलला म्हणून शब्द बिघडला असं मी मानत नाही. वेढ्यातला मोर्चा जाऊन रस्त्यावरचा मोर्चा आला, तेव्हाही अर्थ बदललाच होता.

घाटमाथा, तुमचा दुसरा मुद्दा मात्र मला लागला. मोर्चाच्या बातमीत आम्ही ‘धडकला’, ‘दणाणून सोडले’, ‘वाहतूक विस्कळीत’ हे तीन शब्दप्रयोग वापरतो आणि संपवतो. बातमीदार मोर्चाच्या दिवशी जातो, आदल्या महिन्यात कुणी जात नाही.

घाटमाथा

तिरपी_ओळ ताई, ‘फिल्डिंग लावणे’ अगदी बरोबर! माझं म्हणणं तेवढंच आहे. तिकिटासाठी जे चालतं त्याला फिल्डिंग म्हणा, हालचाली म्हणा. शब्दाचे अर्थ बदलतात हे मान्य. पण इथे अर्थातून ‘अनेक माणसं’ निघून जातात आणि एकटा इच्छुक उरतो. वेढ्यातला मोर्चा असो की रस्त्यावरचा, एकट्याने कधी बांधला गेलाय?

लालबाग_चाळ

आमच्याकडे शब्द होता ‘गेट मीटिंग’. वडील गिरणीत होते, साच्यावर, म्हणजे मागावर. पाळी सुटायची आणि दुसरी पाळी आत जायची त्या मधल्या वेळात गेटवर सभा. बोलणारा स्टुलावर नाहीतर हातगाडीवर उभा. वेळ किती? भोंगा होईपर्यंत. त्यामुळे फापटपसारा नाही. मागणी काय, मालक काय म्हणाला, उद्या काय करायचं, संपलं. बाहेर पडणारे घाईत घरी जाणारे, आत जाणारे दांडी नको म्हणून घाईतले. अशा दोन घाईतल्या गर्दींना थांबवून ऐकायला लावणं हे सोपं काम नव्हतं. वडील सांगायचे, भाषण चांगलं झालं की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही, आत गेल्यावर खात्यात त्यावर बोलणं होतं का यावरून कळतं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. एवढी माणसं काही एका हाकेने बाहेर पडत नाहीत. खात्याखात्यात, चाळीचाळीत, खानावळीत आणि गावच्या मंडळाच्या खोल्यांत ते आधी बोललं गेलं होतं. संप पुढे कसा चिघळला आणि गिरणगावाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मला इथे लिहायचं नाही. पण संप ‘पुकारला’ हे क्रियापद मला नेहमी अपुरं वाटतं. पुकारणारा एक असतो, बांधणारे हजारो.

आणखी मागे जायचं तर नारायण मेघाजी लोखंडे. रविवारची सुट्टी आज आपल्याला निसर्गनियम वाटते. गिरणी कामगारांना ती 10 जून 1890 पासून मिळाली, आणि त्याआधी काही वर्षं लोखंडे कामगारांच्या सभा घेत होते, सह्या गोळा करत होते. सही करता न येणाऱ्या लोकांच्या मागणीचा अर्ज तयार करायचा म्हणजे किती दारं झिजवावी लागली असतील!

गोरेगाव_पूर्व

लाटणे मोर्चा कुणी सांगणार नसेल तर मी सांगते. 1972 च्या दुष्काळानंतर मुंबईत रॉकेल, तेल, साखर, धान्य सगळ्याची टंचाई. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली, त्यात समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते होत्या तशा कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डीही होत्या. पक्ष वेगळे, पण रेशनची रांग एकच.

माझ्या आईने त्यात भाग घेतला होता. ती राजकारणातली नव्हती, सभेला कधी गेली नव्हती. तिला निरोप मिळाला तो रेशनच्या रांगेत. पुढच्या बाईने तिला सांगितलं, तिने मागचीला सांगितलं. रांगेत दोन-दोन तास उभ्या असलेल्या बायकांना एकमेकींची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि कशासाठी जमायचं हे समजवावंही लागत नाही. आणायचं काय, तर लाटणं. प्रत्येक घरात असतं, विकत घ्यावं लागत नाही, आणि हातात धरलं की घरच्या पुरुषांनाही विषय कळतो. ज्यांना मुलं-बाळं सोडून येणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी थाळीनाद होता. ठरल्या वेळी आपापल्या घरात, गॅलरीत उभं राहून थाळी वाजवायची. घराबाहेर न पडताही बाई मोर्चात होती.

मला यात सगळ्यात मोठी अक्कल ही दिसते: जी जशी येऊ शकते तशी तिची जागा आधीच करून ठेवली होती. ‘सर्वांनी प्रचंड संख्येने उपस्थित राहावे’ असं पत्रक छापून हे होत नाही.

आई समितीच्या कामाला ‘बायका जोडणं’ म्हणायची. ‘आज पलीकडच्या चाळीतल्या चार जोडल्या.’

कादवाकाठ

दिंडोरीकडचा आहे. 2018 चा लाँग मार्च जवळून पाहिला, म्हणून लिहितो. आमच्याकडे लोक ‘मोर्चेबांधणी’ म्हणत नाहीत, ‘गावं घेणं’ म्हणतात. ‘आज किती गावं घेतली?’ म्हणजे किती गावांत बैठका झाल्या.

6 मार्चला नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. मुख्य मागणी 2006 च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या जमिनी नावावर करण्याची, बरोबर कर्जमाफी, हमीभाव. नाशिक ते मुंबई साधारण 180 किलोमीटर, कसारा घाट उतरून, मार्चच्या उन्हात.

टीव्हीवर लाल टोप्यांची लांबच लांब रांग दिसली, रक्ताळलेले पाय दिसले. दिसलं नाही ते शिधा. गावागावातून तांदूळ, नागली, डाळ गोळा झाली होती. ज्या घरातून माणूस जाणार नाही त्या घरातून धान्य. शिध्याची गाडी पुढे निघायची, मुक्कामाच्या ठिकाणी चुली मांडून भात रटरटायला लागायचा, मागून पायी येणारे पोचायचे आणि आपापल्या गावच्या लोकांबरोबर बसायचे. गावाप्रमाणे बसल्यामुळे कोण मागे राहिलं, कुणाला ताप आहे, हे लगेच कळायचं. वेगळी हजेरी घ्यावी लागत नव्हती.

आणि शेवटची रात्र. 11 मार्चला मोर्चा सायनच्या सोमय्या मैदानावर पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी निघालो तर रस्ते अडतील, पोरांचा पेपर चुकेल, म्हणून दिवसभर चालून आलेले लोक रात्रीच उठले आणि पहाटेच्या आत आझाद मैदानात जाऊन बसले. असा निर्णय हजारो थकलेल्या माणसांपर्यंत रात्रीतून पोचणं आणि त्यांनी तो पाळणं, याला बांधणी म्हणतात. ती सोमय्या मैदानावर तयार झाली नाही, त्याच्या कितीतरी आधी पाड्यांवरच्या बैठकांत झाली. 12 तारखेला सरकारने मागण्यांवर लेखी आश्वासन दिलं. अंमलबजावणीसाठी पुन्हा मोर्चे काढावे लागले, तेही खरं.

दिल्लीत_मराठी

एक भर. हिंदीत ‘मोर्चा संभालना’ म्हणजे आघाडी सांभाळणे, चालत जाणं त्यात नाही. पंजाबीत तर मोर्चा ठाण मांडून बसतो. शिखांचा 1922 चा गुरु का बाग मोर्चा, त्यानंतर जैतोचा मोर्चा, आणि अलीकडे 2020-21 मध्ये दिल्लीच्या सिंघू-टिकरी सीमेवर शेतकरी वर्षभर राहिले, तोही ‘मोर्चा’च. तिथे लंगर, तंबू, ट्रॉल्या, कपडे धुण्याची मशीन, वाचनालय असं सगळं उभं राहिलं होतं. बखर_वाचक म्हणतात तो वेढ्यातला अर्थ पंजाबीत जवळजवळ तसाच जिवंत आहे. मराठीतला मोर्चा मात्र चालायला लागला. आपल्याकडे बसून राहण्यासाठी ‘धरणे धरणे’ हा वेगळा शब्द आधीपासून होता, पगार थकला की पेशवाईतले शिपाईही धरणं धरून बसत. कदाचित त्यामुळे मोर्चाला चालण्याचं काम आलं असेल. हा माझा तर्क आहे.

बेळगावहून

आमच्या सीमाभागात 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात तेव्हा सायकल फेरी निघते. ‘फेरी’ शब्द इथे जास्त आपला वाटतो, कारण ती गल्लीगल्लीतून फिरते. मोर्चाला कचेरी लागते, फेरीला वस्ती लागते.

झिरो_माईल

नागपूरचा आहे, म्हणून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे हिवाळी अधिवेशन म्हणजे मोर्चांचा हंगाम. मॉरिस कॉलेज टी पॉइंट, टेकडी रोड ही ठिकाणं महाराष्ट्रभरच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहेत. सकाळी गडचिरोली-मेळघाटातून ट्रक येतात, लोक दुपारपर्यंत यशवंत स्टेडियमकडे जमतात, मग निघतात, पोलिसांनी अडवलं तिथे रस्त्यावर बसतात आणि मंत्र्याची वाट बघतात. शिष्टमंडळ आत जातं, बाकीचे उन्हात.

23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच ताटकळला होता. अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी होती. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. त्यात बायका आणि लेकरं किती होती ते आठवलं की आजही जीव गलबलतो. त्यांचं स्मारक सीताबर्डीत आहे, उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचं नाव आहे. मी तिथून जाताना थांबतो.

दोष त्या मोर्चेकऱ्यांना देण्याचा प्रश्नच नाही. सरकारने भेट नाकारून माणसांना कोंडीत ठेवलं. पण त्यानंतर विदर्भातल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी बांधणीचा एक भाग कायमचा धरून ठेवला: मोर्चा पुढे नेण्याआधी तो मागे कसा फिरवायचा हे ठरलेलं पाहिजे. बायका-मुलं कुठे चालतील, कडेला साखळी धरून कोण असेल, गल्ल्या कोणत्या उघड्या आहेत, पाणी कुठे आहे, अंधार पडला तर कोण कुणाला गाडीपर्यंत नेईल. 2016 मध्ये औरंगाबादहून सुरू झालेल्या मराठा क्रांती मूक मोर्चांत मुली पुढे, त्यामागे स्त्रिया, मग पुरुष आणि पुढारी सगळ्यांत शेवटी असा क्रम असायचा, स्वयंसेवक रस्ते झाडत मागून यायचे. लाखोंची गर्दी आणि घोषणा एकही नाही. मागण्यांबद्दल मतं काहीही असोत, ही शिस्त कुणीतरी बसून आखली होती.

घाटमाथा

झिरो_माईल, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. ‘मागे कसा फिरवायचा’ हा भाग मला सुचलाच नसता. कादवाकाठ, ‘गावं घेणं’ आणि गोरेगाव_पूर्व ताईंचं ‘बायका जोडणं’ हे दोन्ही मी टिपून घेतले. कोशांत हे प्रयोग यायला हवेत.

बखर_वाचक

घाटमाथा, तुमच्या ‘बांधणे’च्या यादीत एक धोक्याचा प्रयोगही घाला. ‘मोट बांधणे’. निवडणुकीपुरती चार गटांची मोट बांधतात आणि ती सुटते. गाठ घातली म्हणजे बांधणी झाली असं नाही.

नवी_पायवाट

मी या चर्चेत नवीन आहे. धागा पूर्ण वाचला आणि एक प्रत्यक्षातली अडचण विचारते. आमच्या भागात नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं, बाकी टँकरवर. आम्ही काही जणी मिळून पाणीपुरवठा कार्यालयावर मोर्चा काढायचं ठरवतोय. पत्रकाचा मसुदा असा आहे:

‘पाण्यासाठी एल्गार! पाणीपुरवठा विभागाच्या अन्यायी कारभाराविरुद्ध भव्य मोर्चा. माता-भगिनींनी प्रचंड संख्येने उपस्थित राहावे.’

यात काय बदलू?

लालबाग_चाळ

आधी हे सांगा, लेखी निवेदन दिलंय का? दिलं असेल तर पोच घेतली का? दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. तो कागद हातात नसेल तर साहेब मोर्चासमोर येऊन म्हणतो, ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’, आणि तिथेच अर्धी हवा जाते. निवेदन, मग स्मरणपत्र, मग मोर्चा. पोलीस ठाण्यात मार्ग, वेळ आणि अंदाजे संख्या लिहून परवानगी मागा, लाउडस्पीकरची वेगळी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदी लागू आहे का तेही तिथेच विचारा.

नवी_पायवाट

निवेदन दिलं होतं, पोच घेतली नाही. आता पुन्हा देऊ. टँकर कोणत्या दिवशी आला आणि कुठल्या गल्लीत पोचला नाही याची वही आमच्यातली एक जण ठेवतेय, ती जोडता येईल का?

कादवाकाठ

ती वहीच तुमचा मुख्य कागद आहे ताई. झेरॉक्स जोडा, मूळ वही कुणालाही देऊ नका.

गोरेगाव_पूर्व

पत्रकातून ‘एल्गार’ आणि ‘भव्य’ काढा, कारण किती बायका येणार ते अजून ठरायचंय. ‘अन्यायी कारभार’ काढून तिथे सरळ लिहा की पाणी किती दिवसांनी येतं आणि तुम्हाला किती दिवसांनी हवंय. वेळ टँकरच्या वेळेत ठेवू नका, नाहीतर अर्ध्या जणी हंडे घेऊन तिकडे असतील. ‘येताना रिकामा हंडा आणा’ ही ओळ मोठ्या अक्षरांत. आणि ‘प्रचंड संख्येने’च्या जागी गल्लीनिहाय नावं टाका, प्रत्येक गल्लीतून निरोप देणारी एक बाई, तिची परवानगी घेऊन. ज्यांना घर सोडता येणार नाही त्यांच्यासाठी घरून करण्यासारखं काय आहे तेही त्याच कागदावर असू दे. नवा मसुदा इथे टाका, आम्ही वाचतो.